हॉलमधला शेवटचा टेकू

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "ताई, तुमच्या नावाखाली व्यवसाय काय छापू?" आणि माझी पंचाईत झाली. मी इंजिनिअर नाही, वकील तर नाहीच नाही. आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते, पण प्रमाणपत्रावर ‘मॅन’च छापून आलं. डहाणूत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात तरुणपण गेलं. मग हळूहळू लोक मला भलत्याच कामासाठी बोलवायला लागले. घर बांधून होतं, मालकाचं आणि ठेकेदाराचं हिशोबावरून वाजतं, दोघं एकमेकांचा फोन उचलेनासे होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "मापवाल्या ताईंना बोलवा." किनाऱ्याकडचे लोक मला मॅडम म्हणतात, सायवन-तलासरीकडचे ताय म्हणतात आणि बाजारपेठेतले गुजराती व्यापारी बेन. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, घर मोजण्यात भांडण्यासारखं काय आहे? तर ऐका. आमच्याकडे घराचं काम बहुतेक वेळा तोंडी ठरतं. मालक सिमेंट-सळई आणून देणार, ठेकेदार माणसं लावणार आणि मजुरी बांधकामाच्या फुटावर. इथवर सगळं गोडीगुलाबीचं असतं. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण कुठला फूट धरायचा आणि कुठला सोडायचा, हे कुणी बोलत नाही. ओटा पूर्ण धरायचा की अर्धा? खिडकीवरच्या छज्ज्याचं काय? प्लास्टर मोजताना दारं-खिडक्यांच्या जागा वजा करायच्या का? मालक म्हणतो, भोकाला कसलं आलंय प्लास्टर? गवंडी म्हणतो, मग भोकाच्या कडा काय तुझ्या मामाने केल्या? दोघांचंही खरं असतं. आमच्या धंद्यात त्याला जुना तोडगा आहे. भिंतीच्या दोन बाजूंपैकी एका बाजूची जागा वजा करायची आणि दुसरी कडांच्या मेहनतीपोटी सोडून द्यायची. हे नारळ फोडताना बोलून घेतलं तर पेढा खाता खाता मिटतं. शेवटी काढलं की पोलीस स्टेशनपर्यंत जातं.

बोर्डीच्या रस्त्याला चिकूची मोठी वाडी असलेले एक सद्‌गृहस्थ होते. पाहुण्यांना नवं घर दाखवताना ते ओटा, गच्ची, गाडीची शेड सगळं मिळवून क्षेत्रफळ सांगायचे. ठेकेदाराचे पैसे द्यायची वेळ आली आणि त्यांच्या घराचा ओटा हिशोबातून गायब झाला. मी त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत विचारलं, "काका, मी आत्ता बसलेय कुठं?" काका आधी रागावले, मग त्यांच्या सूनबाई आतून हसल्या, मग काकाही हसले. ओटा अर्धा धरायचं ठरलं आणि जाताना मला चिकूची करंडी मिळाली. ठेकेदारालाही मिळाली, पण त्यातले चिकू जरा बारीक होते.

माझी एक पद्धत होती आणि ती मी कधी मोडली नाही. मी एकटीने माप घेत नसे. टेपचं एक टोक मालकाच्या हातात, दुसरं ठेकेदाराच्या हातात आणि आकडा वाचायचा तो त्यांनी, मोठ्याने. मी फक्त मधे उभी राहून लिहून घेणार. टेप ढिली सोडली की माप वाढतं, म्हणून मालक ओरडतो, "ताण!" मग ठेकेदार ताणतो. महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं अशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलायला लागतात, निदान ताण म्हणण्यापुरती. अर्धी भांडणं स्वयंपाकघर मोजून होईपर्यंत निवलेली असायची. आता लेझरचं यंत्र आलंय, भिंतीवर लाल ठिपका पाडला की आकडा दिसतो. माझ्याकडेही आहे. वादाच्या घरी मी ते पर्समधून बाहेर काढत नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो. एकदा सुटीवर आला तेव्हा सांगत होता की तिकडे घराचं काम करणाऱ्याचे पैसे मालकाने थकवले, तर तो कायद्याने त्या घरावरच बोजा चढवू शकतो. बोजा उतरेपर्यंत घर धड विकता येत नाही. मी म्हटलं, "चांगलं आहे की रे!" आमच्याकडे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, सोसायटीचा चढतो, गवंड्याचा चढलेला मी तरी पाहिला नाही. त्याने कोर्टात दावा लावावा आणि तारखा घ्याव्यात. रोज बुडवून, एसटीचं तिकीट काढून तारखेला येणाऱ्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखं आहे. भाचा म्हणाला, "मग तुमच्याकडचे ठेकेदार करतात काय?" मी म्हटलं, "वस्तू अडवतात."

आणि काय काय अडवतात! एका सुताराने घराचं पुढचं दार आपल्याच घरी ठेवून घेतलं होतं. मालक ताडपत्री लावून राहत होता आणि इकडे सुताराची बायको त्या सागवानी दारावर मिरच्या वाळत घालत होती. तलासरीजवळच्या एका प्लंबरने तर घरात पाहुणे असताना कमोड उचलून नेला. त्या घरच्या आजोबांनी मला जे सुनावलं, ते ऐकून मी माप राहू दिलं आणि आधी कमोड परत आणायला गेले. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराच्या शटरची चावी ठेकेदाराने खिशात घातली. दुकानदार हात जोडून मलाच विचारत राहिला, "बेन, आमां मारो शुं वांक?" यात माझी काय चूक, म्हणे. त्याची चूक आम्ही तिघांनी मिळून शोधली, ती पोटमाळ्यावर सापडली. पोटमाळा त्याने मापातच धरला नव्हता.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण एक घर असं आहे की त्याच्यावरून जाताना मला हसू येत नाही. कोसबाडला धर्माकाका म्हणून एक जुने गवंडी होते. त्यांनी काहीच अडवलं नाही. घर पूर्ण केलं, झाडून-पुसून दिलं आणि चावी मालकाच्या देव्हाऱ्यात ठेवून आले. मालकाने पैशाला कुरकुर सुरू केली, तेव्हा काकांनी मला बोलावलं. दोघांनी टेप धरली, दोघांनी आकडे वाचले, मालकाने सगळ्याला मान डोलावली. आणि पैसे दिले नाहीत. आकड्याबद्दल त्याची तक्रारच नव्हती. चावी त्याच्या हातात होती, पंखे फिरत होते, टीव्ही चालू होता. आता गवंड्याला पैसे द्यायची त्याला घाई कशाला असेल? मी खेटे घातले, भांडले, त्याच्या मेव्हण्याकरवी निरोप धाडले. धर्माकाका वारले तेव्हाही त्यांचं येणं तसंच होतं. फार सुंदर हात होता त्यांचा. त्या भिंतींवर संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं तरी कुठं लाट दिसत नाही. मला त्या मालकाचा अजून संताप येतो.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. नुसतं माप बरोबर काढून भागत नाही, पैसे हातात पडेपर्यंत कामकऱ्याच्या हातात काहीतरी राहायला हवं. पण ते काहीतरी असं हवं की त्यापायी मालकाला ताडपत्रीत राहावं लागू नये. ते काय, ते मला नरपडला सापडलं.

नरपडचे जगू नाखवा म्हणजे बोटीचे मालक, आवाज समुद्रावरचा, मन मोठं आणि खिसा मात्र वेळ बघून उघडणारा. त्यांनी जुन्या घराचा पुढचा भाग पाडून मोठा हॉल आणि त्यावर समुद्राकडे तोंड करून गॅलरी काढली होती. मुलीचं लग्न त्या हॉलसमोर मांडव घालून करायचं, असं त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. काम घेतलं होतं सायवनच्या रमणने. रमण आधी दुसऱ्या ठेकेदाराकडे मिस्त्री होता. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. माणसं त्याच्याच पाड्यावरची, भाऊबंद, भावजया, शेजारी. एरवी भातकापणी आटोपली की ही माणसं गुजरातेत कामाला जातात. या वर्षी रमणच्या शब्दावर थांबली होती. पैसे बुडाले असते, तर ती परत कधी त्याच्या शब्दावर थांबली नसती आणि रमणला पुन्हा दुसऱ्याचा मिस्त्री व्हावं लागलं असतं. हे मला त्याने नंतर सांगितलं. त्या दिवशी फक्त फोन आला, नाखव्यांच्या पत्नीचा, कमळवहिनींचा.

"मॅडम, तुमी आत्ताच्या आत्ता या. माणसं दोर घेऊन आलीत."

"कुठली माणसं?"

"आमच्याच बोटीवरची. टेकू ओढणार म्हणतात."

मी रिक्षा केली. वाटेत वहिनी फोनवरून सगळं सांगत होत्या. स्लॅब ओतून झाला होता, पाणी मारून झालं होतं, पण खालचे टेकू तसेच उभे होते. टेकू म्हणजे ओला स्लॅब तोलून धरायला खाली उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्या. प्रत्येकीच्या बुडाशी एक पाचर असते, ती ठोकून काढली की बल्ली सैल होते. रमणचं म्हणणं, वाढीव कामाचे पैसे द्या, मग टेकू काढतो. नाखव्यांचं म्हणणं, स्लॅबला मधे पोट आलंय, एक पैसा वर देणार नाही. लग्न तोंडावर आलं होतं आणि हॉलमध्ये बल्ल्यांचं रान माजलं होतं. गंमत अशी, की टेकू आणि स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा रमणने भाड्याने आणल्या होत्या. त्या जितके दिवस नाखव्यांना अडवणार, तितके दिवस रमणच्याच खिशाला भोक पडणार. दोघंही हट्टाला पेटले होते.

मी पोचले तेव्हा खलाशी गॅलरीखाली उभे होते. बोट किनाऱ्यावर ओढताना बांधतात तसा जाड दोर त्यांनी भिंतीजवळच्या टेकूंना बांधला होता आणि एकजण आवाज द्यायच्या बेतात होता. हॉल आधी मोकळा व्हावा म्हणून ते आतल्या बाजूने सुरुवात करणार होते. त्यांच्या हिशोबाने बरोबरच होतं. बोट ओढणाऱ्याला आधी जवळचा अडथळा काढायची सवय. रमण बाजूला हात बांधून उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. त्याची माणसं त्याच्यामागे गोळा झाली होती.

माझा आवाज मुळात मोठा आहे, सासरी त्यावरून मी पुष्कळ ऐकून घेतलंय. त्या दिवशी तो कामी आला. मी रिक्षातून उतरता उतरताच ओरडले, "दोर सोडा! कुणी हात लावायचा नाही!"

खलाशांनी दोर सोडला. नाखवा मात्र चवताळले. "मॅडम, घर माझं हाय. माझ्या घरात त्याचे बांबू किती दिवस उभे ऱ्हायचे?"

"घर तुमचं आहे म्हणूनच ओरडले. हात पुढे करा बघू, सरळ."

ते गोंधळले, पण त्यांनी हात पुढे केला. मी वहिनींकडून पाण्याने भरलेली बादली घेतली आणि त्यांच्या मनगटाला अडकवली. "ताण कुठं येतोय?"

"खांद्याला."

"खांद्याच्या वरच्या अंगाला ना? गॅलरीचं तसंच आहे. एका बाजूने भिंतीत रुतलेली, पुढे नुसती हवेत. म्हणून तिची ताकदीची सळई वरच्या अंगाला घातलेली असते, खालच्या अंगाला नाही. टेकू काढायचे ते समुद्राकडून भिंतीकडे. तुम्ही भिंतीजवळचे आधी ओढले असते, तर गॅलरी भिंत आणि पुढचे टेकू यांच्यामध्ये लोंबली असती आणि खालून तडकली असती. मग पुढचे टेकू ओढणाऱ्याच्या डोक्यावर काय आलं असतं?"

नाखव्यांनी बादली खाली ठेवली. ज्या खलाशाने आवाज द्यायचा होता, तो मुकाट्याने दोर गुंडाळायला लागला. मी रमणकडे वळले. त्याला मी जास्तच बोलले. "तुला ठाऊक होतं ना काय होईल ते? मग हात बांधून बघत काय होतास?"

"मी सांगत व्हतो ताय," तो म्हणाला. "ते म्हनले, तू टेकू वाचवाया खोटं बोलतो."

भांडण इतकं वाढलं की असंच होतं, खरं बोललेलंही खोटं वाटायला लागतं. मी टेप काढली. एक टोक नाखव्यांना दिलं, एक रमणला. दोघांनी टोकं घेतली, पण माना दोन दिशांना. गॅलरी मोजायची होती, तर नाखवा भिंतीशी उभे राहिले आणि रमण पुढच्या काठाखाली. टेप मधे लोंबत होती.

"ताण की!" नाखवा खेकसले.

"तुमी बी धरा नीट," रमण म्हणाला.

आकडा नाखव्यांनीच वाचला. नकाशात होती त्यापेक्षा गॅलरी चांगलीच पुढे आलेली होती. काम चालू असताना एका संध्याकाळी नाखवा तिथं उभे राहून म्हणाले होते, जरा पुढे घे रे, खुर्चीत बसून बोटी दिसल्या पाहिजेत. रमणने इंजिनिअरला विचारून वरची सळई वाढवली, माणसं जास्त लावली. ती सळई त्याने पदरची आणली होती. नाखव्यांच्या लेखी ते ‘जरा’ होतं आणि ‘जरा’चे पैसे कोण मागतं?

मग पोट बघितलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं, इतकं साधं साधन. हॉलच्या स्लॅबला मधे खरंच पोट आलं होतं. खाली बघितलं तर कारणही दिसलं. तिथला टेकू भराव घातलेल्या मातीवर उभा होता, खाली रुंद फळी नव्हती, स्लॅब ओतताना तो थोडा खचला. स्लॅबला धोका काही नव्हता, उलट तिथं माल जास्तच पडला होता. पण छत वाकडं दिसत होतं आणि चूक रमणची होती. मी त्याला सगळ्यांसमोर तसं सांगितलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "पोट मी सपाट करून देतो. त्याचा पैसा नको."

"आणि गॅलरीचे मी देतो," नाखवा म्हणाले. "पण लगीन होऊ दे. आता सगळा पैसा लग्नात गुतलाय."

रमण माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मागची माणसंही माझ्याकडे बघत होती. मला धर्माकाका आठवले, देव्हाऱ्यात ठेवलेली चावी आठवली. नाखवा खोटं बोलत नव्हते, पण धर्माकाकांचा मालकही सुरुवातीला खोटं बोलला नव्हता. लग्न झालं की बोटीचं इंजिन येतं, मग जाळी येतात, मग पावसाळा येतो.

मी म्हटलं, "रमण, उद्या सगळे टेकू काढ, नियमाने, समुद्राकडून. पोट सपाट कर. भाड्याचं सामान परत दे. एक बल्ली मात्र तुझ्या स्वतःच्या मालकीची आण आणि हॉलच्या मधोमध उभी कर. पाचर नावापुरती, भार काही नको. पैसे मिळाले की ती निघेल, आणि ती तूच काढायचीस."

"लग्नाच्या हॉलमध्ये?" नाखवा उडालेच. "लोक काय म्हणतील?"

कमळवहिनी मागून म्हणाल्या, "कुणी इचारलं तर मी काय सांगू, मॅडम?"

"खरं ते सांगा."

रमणने कबूल केलं. नाखव्यांनीही केलं, पण मनातून नाही. दुसऱ्या दिवशी सायवनची माणसं कामाला लागली. गॅलरी टेकूंवरून मोकळी झाली तेव्हा मी मुद्दाम तिच्यावर जाऊन उभी राहिले, नाखव्यांनाही बोलावलं. खुर्चीत बसून बोटी दिसत होत्या.

लग्नाचं आमंत्रण मला होतं. हळदीच्या दिवशी गेले तर हॉल चकाचक, छत सरळ, फरशी धुतलेली आणि मधोमध तो एकटा टेकू. बायकांनी तो मांडवाचाच खांब समजून त्याला आंब्याची डहाळी बांधली होती. नाखव्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, लग्नापुरता काढू द्या. नंतर पाहिजे तर परत उभा करू."

"तो माझा नाही, नाखवा. रमणला विचारा."

रमणला विचारणं त्यांना जड जात होतं. आणि मग वहिनींचे थोरले भाऊ आले. हेही बोटवाले आणि आवाज नाखव्यांच्याही वरचा. हॉलमध्ये पाय टाकताच त्यांनी टेकू पाहिला, वर छताकडे पाहिलं आणि दारातूनच विचारलं, "दाजी, यो टेकू कसला? स्लॅब पडतो की काय?"

झालं. टेकूच्या आसपास बसलेल्या बायका पटापट उठून भिंतीकडे सरकल्या. कुणी पोरांना ओढून बाहेर नेलं. मधला भाग रिकामा झाला आणि हळदीची ताटं तिथंच राहिली. नवरी पाटावर बसली होती, तीही वर बघायला लागली. आता नाखव्यांना दोनच गोष्टी शक्य होत्या. आपलं नवं घर कच्चं आहे असं लोकांना वाटू द्यायचं किंवा खरं सांगायचं. वहिनी तोंड उघडणार होत्या, पण नाखव्यांनी हाताने थांबवलं.

"स्लॅबला काय नाय झालं," ते म्हणाले. आवाज समुद्रावरचाच, पण जरा घोगरा. "स्लॅब माझ्यासारखी धा माणसं नाचली तरी हलणार नाय. ज्याने बांधला त्याचे पैसे मी द्यायचे राहिलेत. म्हणून टेकू हाय."

मग वहिनींच्या भावानेच तोंड उघडलं. "मग दे की! पोरीची हळद लागायच्या आधी दे."

नाखव्यांनी तिथंच फोन लावला. मला वाटलं होतं, पैसे घेऊन जा म्हणतील. ते म्हणाले, "रमण, सगळ्यांना घेऊन ये. हळदीला ये. जेवायलाच या." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "आता बघू नका मॅडम माझ्याकडं अशा."

सायवनची माणसं आली ती कामाच्या कपड्यांत नव्हे. बायकांनी चांगली लुगडी नेसली होती, केसांत फुलं होती. ज्या हॉलमध्ये त्यांनी पाट्या वाहिल्या होत्या, तिथं दाराशी येऊन ती थबकली, आत यावं की नाही या विचारात. कमळवहिनींनी पुढे होऊन एकेका बाईला हाताला धरून आत आणलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. आतल्या खोलीत नाखव्यांनी रमणला पैसे दिले. रमणने मोजले नाहीत. मी म्हटलं, "मोज." तेव्हा मोजले.

मग रमण हातोडी घेऊन टेकूपाशी आला. वहिनींनी आधी डहाळी सोडली. रमण खाली बसला, पाचरीवर हातोडी ठेवली आणि थांबला. म्हणाला, "नाखवा, तुमी पन हात लावा." नाखव्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. एका ठोक्यात पाचर निघाली. बल्ली सैल झाली तेव्हा साऱ्या हॉलने वर बघितलं. स्लॅब जागेवर होता. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि रमणचे भाऊ ती बल्ली खांद्यावर घेऊन वरातीसारखे नाचत बाहेर गेले.

पुढच्या वर्षी वहिनींच्या भावाचं घर रमणने बांधलं आणि पाड्यावरची सगळी माणसं त्याच्याबरोबर होती. गुजरातेत कुणी गेलं नाही. मग बोर्डीकडचं काम, मग तलासरीतलं. आता आमच्याकडच्या ठेकेदारांत पद्धतच पडलीय. काम संपलं, सगळं सामान निघालं तरी एक बल्ली मालकासमोर उभी ठेवायची आणि म्हणायचं, "ताईंचा टेकू." मालकही हसत हसत पैसे देऊन टाकतात, निदान पुष्कळसे. सगळे देतात असं नाही. जे देत नाहीत त्यांची नावं मला पाठ आहेत. पण मी स्वतः अडवलं काही नाही, कुणाला कोर्टात नेलं नाही आणि तरी माणसांना त्यांच्या घामाचे पैसे मिळवून दिले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी मी माझ्या घराचा ओटा वाढवला. काम अर्थातच रमणला दिलं. शेवटच्या दिवशी त्याने टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आयुष्यभर मी मधे उभी राहिले होते, टोक धरायची पाळी पहिल्यांदाच आली होती. आणि काय सांगू, माझ्या तोंडून निघालंच, "रमण, ओटा अर्धा धरायचा हं!"

रमण हसत सुटला. "ताय, टेप ताना आधी. तुमची ढिली हाये."

मी ताणली. आकडा मी वाचला, मोठ्याने. मग तो आत चहाला येईल म्हणून मी वळले, तर त्याची माणसं सामान टेम्पोत भरून मोकळी झाली होती आणि ओट्याच्या मधोमध एक बल्ली उभी होती. बुडाशी नावापुरती पाचर. रमण तिच्याशेजारी उभा होता, मान खाली घालून, कामात असल्यासारखा.

पैसे कपाटात तयार होते, सकाळीच काढून ठेवले होते. मी आत गेले, पण कपाटाकडे न जाता आधी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीतून तो टेकू बघत उभी राहिले. चहा उकळेपर्यंत तरी तो उभा राहू दे, असं मला वाटलं.